गाण्यातल्या ‘मी’वर गुन्हा

८ मार्च १९९१ ला अमेरिकेत ‘न्यू जॅक सिटी’ हा सिनेमा लागला. क्रॅक नावाचं कोकेन विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका टोळीच्या हात धुऊन मागे लागलेला पोलीस डिटेक्टिव्ह त्यात आहे. ते काम केलं होतं आइस-टी या रॅपरने. वर्षभराने, मार्च ९२ मध्ये, याच आइस-टीच्या ‘बॉडी काउंट’ या बँडची पहिली रेकॉर्ड आली. तिच्यातलं शेवटचं गाणं ‘कॉप किलर’. त्यातला माणूस काळा शर्ट घालतो, काळे हातमोजे चढवतो, तोंड झाकतो आणि पोलीस मारायला निघतो. तोंड तेच, आवाज तोच, मधे जेमतेम वर्ष. सिनेमा बघून कुणी म्हणालं नाही की आइस-टी पोलिसात भरती झाला. गाणं ऐकून मात्र देशाच्या अध्यक्षांपासून टेक्सासच्या पोलीस संघटनेपर्यंत सगळे खवळले. हा माणूस पोलिसांना मारा असं सांगतोय, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

नटाच्या तोंडचं वाक्य खोटं आणि गाणाऱ्याच्या तोंडचं खरं, हा हिशेब आपल्याला कुणी घालून दिला? माझं म्हणणं सरळ आहे. गाण्यातला ‘मी’ हे सोंग असतं. सिनेमातल्या नटाला आपण जी सवलत न मागता देतो तीच गाणाऱ्यालाही दिली पाहिजे, आणि पोलिसांनी नि कोर्टांनी तर ती द्यायलाच हवी. रॅपर मंडळी धुतल्या तांदळासारखी असतात म्हणून नव्हे. आइस-टी तर मुळीच नाही, आणि म्हणूनच मी त्याचं उदाहरण घेतोय. सज्जन माणसाची बाजू घ्यायला काय अक्कल लागते?

त्याचं खरं नाव ट्रेसी मॅरो. जन्म १९५८ चा, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. एकुलता एक पोरगा. तिसरीत असताना आई गेली, मिसरूड फुटायच्या आत वडीलही गेले. नातेवाइकांनी लॉस एंजेलिसला नेलं. तिथे क्रेनशॉ हायस्कुलात तो शिकला. शाळेच्या आसपास टोळ्यांचं राज्य होतं आणि याची ऊठबस त्या पोरांत होती. त्या वयात त्याच्या हाती आइसबर्ग स्लिमची पुस्तकं पडली. स्लिम हा एके काळचा बायकांचा दलाल, पुढे तेच आयुष्य लिहून गाजलेला लेखक. हा पोरगा त्या पुस्तकांतले उतारेच्या उतारे पाठ करायचा आणि मित्रांना म्हणून दाखवायचा. ‘अजून म्हण’ असा आग्रह व्हायचा. नावातलं ‘आइस’ तिथून आलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. म्हणजे हा माणूस कला शिकला ती दुसऱ्याचा ‘मी’ स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवण्यापासून. आपल्याकडे कीर्तनकाराचा पोर बापाच्या मागे टाळ धरून उभा राहतो आणि सहा महिन्यांत आख्यान म्हणायला लागतो, तसंच. फरक एवढाच की याचं आख्यान दलालाचं होतं.

पुढे तो सैन्यात गेला. पोटची लहान मुलगी होती, पगाराची गरज होती. परत आल्यावर चोऱ्या केल्या, सोनाराची दुकानं फोडली. हे त्यानेच पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. आणि या सगळ्याच्या जोडीला लॉस एंजेलिसच्या क्लबांत माइक हातात घेऊन यमकं जुळवणं चालू होतं. १९८६ मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘सिक्स इन द मॉर्निंग’ हे गाणं आलं. पुढची बाजू आज फारशी कुणाला आठवत नाही. मागच्या बाजूने एक अख्खा संगीतप्रकार उभा केला, ज्याला पुढे ‘गँगस्टा रॅप’ म्हणू लागले. त्याच्या आधी फिलाडेल्फियाच्या स्कूली डी याने हा रस्ता चाचपला होता, आणि आइस-टीने ते ऋण कधी लपवलं नाही.

त्या गाण्याची सुरुवात बघा. सकाळचे सहा. दारावर पोलीस. आत झोपेतून उठलेला एक जण मागच्या बाजूने सटकायला बघतोय आणि त्याच्या कोऱ्या आदिदास बुटांचा न्हाणीघराच्या फरशीवर किरकिर आवाज होतोय. बस, एवढंच. पण तो बुटांचा आवाज कानात राहतो. गोळीबार कुणीही लिहील. पळणाऱ्याला स्वतःच्या बुटांच्या आवाजाची भीती वाटते, हे लिहायला लेखक लागतो. गंमत अशी की हा बारकावा इतका अचूक उतरला म्हणूनच लोकांना वाटलं की हे लेखन नाहीच, ही कबुली आहे. चांगलं लिहिल्याची शिक्षा म्हणतात ती हीच.

आता १९९२ कडे येऊ. ३ मार्च १९९१ ला मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून दांडक्यांनी बदडलं. समोरच्या इमारतीतल्या एका रहिवाशाने ते चित्रित केलं आणि ते देशभर दिसलं. ‘न्यू जॅक सिटी’ लागला तो त्यानंतर पाच दिवसांनी. पुढे पोलिसांवर खटला चालला आणि २९ एप्रिल १९९२ ला पोलीस सुटले. जवळजवळ सगळ्याच आरोपांतून निर्दोष. त्याच संध्याकाळी शहर पेटलं. पन्नासहून अधिक माणसं मेली. ‘कॉप किलर’ त्याच्या महिनाभर आधी बाजारात आलं होतं, आणि बँड ते गाणं त्याच्याही आधी, १९९१ च्या उन्हाळ्यातल्या ‘लोलापलूझा’ या फिरत्या संगीत महोत्सवाच्या दौऱ्यात, हजारो गोऱ्या पोरांपुढे वाजवत होता. तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. दंगल झाली, मग गाणं ‘सापडलं’.

जूनमध्ये टेक्सासच्या पोलीस संघटनेने ही रेकॉर्ड ज्यांची होती त्या टाइम वॉर्नर या कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. मग देशभरातल्या संघटना त्यात उतरल्या. अध्यक्ष थोरले बुश बोलले, उपाध्यक्ष डॅन क्वेल बोलले. जुलैत कंपनीच्या भागधारकांच्या सभेत हॉलिवूडचा नट चार्लटन हेस्टन उठला. हा पडद्यावरचा मोझेस! त्याने त्या गाण्याच्या ओळी आपल्या भारदस्त आवाजात सगळ्यांना वाचून दाखवल्या. मला हा प्रसंग फार विलक्षण वाटतो. हेस्टनने त्या ओळी उच्चारल्या तेव्हा सभागृहात कुणालाही वाटलं नाही की हेस्टन पोलीस मारणार आहे. शब्द तेच, ‘मी’ तोच, आणि बोलणारा नट, तोही गोरा आणि म्हातारा. म्हणजे ‘बोलणारा वेगळा आणि बोललेला वेगळा’ हे त्या सभेला उत्तम कळत होतं. फक्त कुणाच्या बाबतीत कळून घ्यायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

आइस-टीचं स्वतःचं उत्तर मासलेवाईक होतं. मी एका पात्राच्या तोंडून गातोय, पोलिसांच्या मारहाणीला विटलेल्या माणसाच्या, असं तो म्हणाला. आणि मी पोलीस मारलाय असं ज्याला वाटतं त्याला गायक डेव्हिड बोवी अंतराळवीर आहे असंही वाटत असणार. बोवीचं ते अंतराळात भरकटलेल्या माणसाचं गाणं सगळ्यांना ठाऊक होतं. लोक हसले, पण वाद काही थांबला नाही. कंपनीच्या माणसांना धमक्या येऊ लागल्या आणि २८ जुलैला त्याने स्वतःच गाणं रेकॉर्डवरून काढून घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्याचा नवा अल्बम आला तो वॉर्नरकडून नाही, दुसऱ्या कंपनीकडून.

एक तपशील बातम्यांत नेहमी चुकवला गेला आणि अजूनही चुकतो. ‘कॉप किलर’ हे रॅप नाहीच. ते गिटारचा कल्लोळ करणारं मेटल गाणं आहे, शाळेतल्या मित्रांना घेऊन काढलेल्या बँडचं. तरी सगळे ‘रॅप गाणं’ म्हणत राहिले. गाणाऱ्याचा रंग बघून गाण्याचा प्रकार ठरला.

तुम्ही म्हणाल, हे जरा ताणलंय. मग १९९६ ची एक गोष्ट सांगतो. कॅरी फ्रीड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला. ‘किंग्स्टन ट्रिओ’ या गोऱ्यागोमट्या, कोट-बटणवाल्या लोकगायकांचं १९६० चं एक जुनं गाणं त्यांनी निवडलं. त्यात गाणारा सांगतो की आपण एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घातली. त्याचे शब्द कागदावर छापून लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे कंट्री, म्हणजे तिकडच्या गोऱ्या खेड्यापाड्यांतलं, गाणं आहे, काहींना सांगितलं हे रॅप आहे. ज्यांना रॅप सांगितलं त्यांना तेच शब्द जास्त भडक, जास्त धोकादायक वाटले. याच्यावर बंदी हवी, असं त्यांना जास्त वाटलं. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग केला. उत्तर तेच आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९७४ मध्ये, गोऱ्या एरिक क्लॅप्टनने बॉब मार्लीचं ‘आय शॉट द शेरिफ’ गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शेरिफला गोळी घातली असं गाणारा क्लॅप्टन कुठल्याही अध्यक्षाला देशासाठी धोका वाटला नाही.

आता आपल्या अंगणात येतो, कारण हा घोळ अमेरिकेचा एकट्याचा नाही आणि त्यावरचं औषधही मला आपल्याच घरात सापडलं.

आमच्या गावच्या सप्त्यात शेवटच्या दोन रात्री भारुडं असायची. भारूड सांगणारा एक वाळका, मिशाळ गडी होता. दिवसा तो गवंडीकाम करायचा. रात्री तो आईचंच जुनं हिरवं लुगडं नेसून यायचा, मिशा तशाच, कपाळाला आडवं कुंकू. आणि एकनाथांचं ‘सत्वर पाव गे मला’ सुरू करायचा. त्यातली सून भवानीआईला नवस बोलते: सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच संपव. सासू जाच करते, तिला आधी उचल. जाऊ, नणंद, कुणालाच ती सोडत नाही, आणि शेवटी नवऱ्यावरही येते. ही सगळी कामं झाली की आईला रोडगा वाहणार. म्हणजे हिशेबाने बघायला गेलं तर अख्ख्या घराच्या खुनाची सुपारी, तीही देवीला, तीही उधारीवर! आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सासवा सगळ्यांत जास्त हसायच्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

त्या सासवांना कुणी साहित्यशास्त्र शिकवलं नव्हतं. पण त्यांना नेमकं माहीत होतं की ही सून म्हणजे एकनाथ नाहीत, हा गवंडीही नाही, आणि तरीही ही सून खरी आहे. आतला परमार्थ तर वेगळाच. सासू-सासरे म्हणजे अहंकार आणि विकार वगैरे महाराज नंतर उलगडून सांगायचेच. एकनाथांनी अशी शेकडो सोंगं घेतली. विंचू चावलेला माणूस झाले, भूत झाले, जोशी झाले, आणि जोहार घालणाऱ्या महाराच्या तोंडून तर गावाच्या पाटलाला, देशमुखाला चार गोष्टी सुनावल्या. सोळाव्या शतकातला पैठणचा ब्राह्मण महाराचा ‘मी’ घेऊन उभा राहतो आणि कारभाऱ्यांची झाडाझडती घेतो. हे आपल्याकडे पाठ आहे. लावणीतही तेच. होनाजी, रामजोशी यांनी विरहिणीच्या तोंडून जे लिहिलं ते वाचून कुणी त्यांच्या घरी सांत्वनाला गेलं नाही.

आणि पडद्यावर? निळू फुल्यांनी सरपंच, सावकार, साखरसम्राट असे एकाहून एक नालायक लोक रंगवले. गावोगावच्या बायका त्यांना बघून बोटं मोडायच्या. प्रत्यक्षातला माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, चळवळींत राबणारा. बायकांचे शिव्याशाप ही आपल्या कामाची पावती आहे, असं ते मानायचे. बोटं मोडून झाल्यावर त्याच बायका त्यांचा पुढचा सिनेमा बघायला जायच्या. कुणी चौकीत गेलं नाही.

म्हणजे सोंग ओळखण्याची ताकद आपल्यात मुळातच आहे. ती आपण कधी गहाण ठेवतो?

एक जोरदार आक्षेप इथे येतो आणि तो मला टाळायचा नाही. भारूड सांगणारा गवंडी ‘मी खरंच सून आहे’ असा दावा करत नाही. रॅपर करतो. ‘मी खरा आहे, बाकीचे नकली’ हेच तर त्याचं भांडवल. आइस-टीने स्वतःला ‘ओरिजिनल गँगस्टर’ म्हणवून घेतलं, चोऱ्यांचे किस्से मुलाखतींत सांगितले, आणि त्या ‘खरेपणा’वर रेकॉर्डी विकल्या. आता पोलीस म्हणतात की तुझंच म्हणणं आम्ही खरं मानलं, तर चुकलं कुठे? शिवाय ‘कॉप किलर’मध्ये लॉस एंजेलिसचे त्या वेळचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचं नाव घेऊन शिवी आहे. एकनाथांनी पाटील म्हटलं, अमुक गावचा अमुक पाटील म्हटलं नाही.

आक्षेप अर्धा बरोबर आहे. ज्याने खरेपणा विकला त्याने ‘अहो, हे तर नाटक’ असं ऐनवेळी म्हणणं थोडं सोयीचं आहेच. त्याबद्दल त्याच्यावर टीका करावी, त्याची टिंगल करावी. बायकांबद्दल त्याच्या गाण्यांत जे आहे ते तर मला आजही ऐकवत नाही, आणि ‘पात्र बोलतंय’ म्हटल्याने ते गोड होत नाही. सोंग आहे म्हणजे वाईट असू शकत नाही असं थोडंच आहे? वाईट सोंगं पुष्कळ असतात. खरं सांगायचं तर ‘कॉप किलर’ हे गाणं म्हणूनही मला सामान्य वाटतं. बुटांच्या त्या किरकिरीची सर त्यातल्या एकाही ओळीला नाही.

पण अनुभव खरा असणं आणि कबुलीजबाब असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्यातला ‘मी’ कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांतून आलेला आहे, कवी त्याच गल्ल्यांतून आलेला आहे, आणि त्या कवितांतला राग हातात काय मिळेल ते घेऊन फिरतो. त्यातली एखादी ओळ घेऊन ‘तर मग तुम्ही त्या रात्री कुठे होता?’ असं विचारणारा माणूस आपल्याला मूर्ख वाटेल. दुसऱ्या बाजूला दलित आत्मकथनं आहेत. तिथला ‘मी’ हा नावागावासकट लेखकच असतो आणि आपण तो तसाच वाचतो. एकाच समाजातून, एकाच दशकात आलेले दोन ‘मी’ आपण वेगवेगळे वाचू शकलो. तर मग यमकावर बोलणाऱ्या पोराबाबतच आपलं डोकं बंद का पडतं?

अमेरिकेत ते अजून बंदच आहे, आणि तिथे आता हा रेकॉर्ड कंपनीचा नव्हे, तुरुंगाचा प्रश्न झालाय. जॉर्जियात रॅपर यंग थग याच्यावर संघटित गुन्हेगारीचा खटला चालला. त्याच्या गाण्यांतल्या ओळी पुरावा म्हणून ज्युरीपुढे आणायला न्यायाधीशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये सशर्त परवानगी दिली. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाने मात्र उलट दिशेने पाऊल टाकलं: कुणाचं कलेतलं लेखन त्याच्याविरुद्ध वापरायचं तर ज्युरीला दाखवण्यापूर्वी न्यायाधीशाने ते पूर्वग्रह वाढवणारं नाही ना, हे पारखून घ्यायचं, असा कायदा केला. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो. तो ओळींना सरसकट अभय देत नाही. गुन्ह्याचा असा तपशील ओळीत आला की जो फक्त करणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर तो जरूर बघावा. पण गाण्यात बंदूक आहे म्हणून गाणाऱ्याकडे बंदूक असणार, ही उडी मारू नका, एवढंच तो म्हणतो.

गाण्यामुळे माणसं खून करतात का, हा प्रश्नही टेक्सासच्या कोर्टात येऊन गेलाय. १९९२ च्याच एप्रिलमध्ये तिथे एका पोलिसाचा खून झाला. आरोपी गाडीत टुपॅक या रॅपरची टेप ऐकत होता. गाण्याने माझ्या अशिलाचं डोकं फिरवलं, असा बचाव वकिलाने मांडला. ज्युरीने तो मानला नाही, मृत्युदंड दिला. म्हणजे गुन्हेगार स्वतः गाण्यावर खापर फोडू पाहतो तेव्हा ते चालत नाही. सरकारने फोडलं की मात्र चालावं!

आपल्याकडे २०२३ च्या एप्रिलमध्ये राजकारणातल्या ‘पन्नास खोक्यां’च्या चर्चेवर रॅप करणाऱ्या एका तरुणावर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, आणि जनतेच्या हालांवर रॅप करणाऱ्या दुसऱ्यावर वडाळ्यात. पहिल्याच्या गाण्यात कुणाचंही नाव नव्हतं. इथे ‘मी खून करीन’ असं काही नव्हतंच. ही सरळ उपहासाची, शिमग्याची परंपरा. तरी तोच कान ऐकत होता: यमक लावून बोलणारा पोरगा म्हणजे कुठेतरी टोळी असणार, मागे कुणीतरी असणार. शाहिराला नमस्कार आणि रॅपरला नोटीस, असं का व्हावं? डफाच्या जागी बीट आला, एवढाच तर फरक.

आणि केवळ रॅपलाच असं होतं असंही नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात १९९४ मध्ये छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यातला ‘मला’ कोण, तो गांधींना कुठे भेटतो, हे समजून घ्यायला कविता वाचता यावी लागते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मे २०१५ मध्ये न्यायालयाने प्रकाशकाला सोडलं, त्याने आधीच माफी मागितलेली होती. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं. छापणारा सुटला, आणि ‘मी’ अडकला.

दहा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, त्याच न्यायालयाने जरा वेगळा सूर लावला. कवी इम्रान प्रतापगढी यांनी टाकलेल्या व्हिडिओतल्या एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो हळव्या, प्रत्येक टीकेत संकट बघणाऱ्या मनाच्या मापाने नव्हे, तर समजूतदार आणि खंबीर माणसाच्या मापाने, असं त्यांनी म्हटलं. ही कसोटी मूळची नागपूर उच्च न्यायालयाच्या १९४६ च्या एका निकालातली आहे, हे आपण विसरतो. ऐंशी वर्षं झाली आपल्या मातीत तयार झालेलं माप आपल्याच फडताळात पडून आहे. नव्या फौजदारी संहितेत अशा गुन्ह्यांसाठी, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवायची सोय आहे, हेही त्या निकालाने दाखवून दिलं. चौदा दिवस कमी नाहीत. तीन मिनिटांचं गाणं तेवढ्यात कितीतरी वेळा ऐकून होतं.

आइस-टीचं पुढे काय झालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. २००० साली तो ‘लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ या मालिकेत न्यूयॉर्कच्या पोलीस डिटेक्टिव्हचं, फिन टुटुओलाचं, काम करायला गेला. बोलावणं चार भागांचं होतं. पंचवीस वर्षं होऊन गेली, तो अजून तिथेच आहे. रात्री कधीही लावा, कमरेला बिल्ला लावलेला फिन कुणाची तरी उलटतपासणी करत असतो. याच्यावरून त्याला दोन्हीकडून टोमणे बसले. कुणी म्हणालं, विकला गेला. कुणी म्हणालं, चला, सुधारला एकदाचा. दोघांचीही चूक तीच आहे, जी १९९२ मध्ये झाली होती: तोंडातला शब्द म्हणजे माणूस, असं धरून चालायचं. तो सुधारलाही नाही आणि विकलाही गेला नाही. शाळेत आइसबर्ग स्लिमचे उतारे म्हणायचा तेव्हापासून तो एकच काम करतोय, दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं. बॉडी काउंट अजून आहे. २०२१ मध्ये त्यांना मेटलसाठी ग्रॅमी मिळालं. आणि कार्यक्रमांत ते जुनं गाणंही होतं. दिवसा पोलीस, रात्री पोलीस मारणारा, आणि दोन्हींचे पैसे घेणारा एक साठी उलटलेला नट. त्याला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यात कोडं काही नाही.

आमचा तो गवंडी भारूड संपलं की मंडपामागे जाऊन लुगडं सोडायचा आणि विडी पेटवायचा. एका वर्षी मी तिथेच उभा होतो. पहिल्या रांगेतली एक म्हातारी, तिच्या चार सुना होत्या, काठी टेकत मागे आली आणि त्याला म्हणाली, “बाबा, यंदा सासू लई लवकर मारलीस. जरा रंगू द्यायचं होतं.”